वाढत्या अंगाचं माप

जावयाचा फोन आला तेव्हा मी ग्रंथपालबाईंच्या कोटाची बाही कापत होतो, आणि तो फोनवर ‘तीन’ म्हणाला म्हणून मी बाही तीन इंचांनी आखूड केली. एकच इंच कमी करायची होती. खडूची खूण एकावर होती, मला स्वच्छ दिसत होती, पण कात्री गेली ती तिनावर. बेचाळीस वर्षं या हाताने कापड बेतलं आहे. घरात भांडण झालेलं असताना, अंगात ताप असताना, बायको गेल्यानंतरच्या आठवड्यातसुद्धा, पण असं कधी झालं नव्हतं. फोन कान आणि खांदा यांच्यात दाबून मी काम करतो. मान वाकडी होईल म्हणून लेक ओरडते, पण त्यामुळे हात मोकळे राहतात, आणि आज ते मोकळे होते हीच चूक झाली. “बाबा, तीन आहेत,” तो म्हणाला. मी विचारलं, “काय तीन?” “बाळं. आज मोठ्या मशीनवर बघितलं. मागच्या वेळी एकच दिसलं होतं, ते मशीन लहान होतं म्हणे. तीन आहेत, तिन्ही ठीक आहेत.” माझा जावई लिफ्ट दुरुस्त करतो. आत अडकलेल्या माणसांशी बाहेरून बोलून त्यांना धीर द्यायची त्याला सवय आहे, त्यामुळे त्याचा आवाज कधी चढत नाही. आज मात्र तो स्वतःच आत अडकल्यासारखा बोलत होता. मी कापलेल्या बाहीकडे बघत ‘अरे वा’ म्हणालो. काहीतरी म्हणायला हवं होतं.

मग त्याने एकेक करून बाकीचं सांगितलं. लेकीने आता आडवंच राहायचं आहे, चष्म्याच्या दुकानातली नोकरी आजपासून बंद, बाळं लवकर बाहेर येऊ नयेत म्हणून पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई टाका घालणार आहेत. टाका म्हटल्यावर मला उगाचच धीर आला. कुठला टाका, कसा टाका, हे विचारण्याचं काही कारण नव्हतं; पण शिवणीत एखादी गोष्ट धरून ठेवता येते यावर माझा विश्वास आहे, माझं पोट त्यावरच चाललं आहे. “एक काम कराल का बाबा,” जावई म्हणाला, “भिंगरीला तुम्हीच सांगा. तुमचं ऐकते ती. मी सांगायला गेलो तर माझाच धीर सुटेल. आणि ती तुमच्याकडेच राहू दे थोडे दिवस.” मी बरं म्हणून फोन ठेवला, बाही सरळ केली आणि ग्रंथपालबाईंना पाऊण बाही शोभून दिसेल हे कसं पटवायचं याचा विचार करू लागलो. तो विचार फार वेळ टिकला नाही. ‘थोडे दिवस’ हे दोन शब्द दुकानात तसेच राहिले होते, कुणीतरी शिवायला टाकून गेलेल्या कपड्यासारखे.

भिंगरी म्हणजे माझी नात. वय सहा. एका जागी उभी राहत नाही, माप घेतानाही स्वतःभोवती फिरते आणि टेप अंगाला गुंडाळून घेते, म्हणून भिंगरी. शाळा सुटली की मी तिला घेऊन येतो आणि संध्याकाळी घरी पोचवतो. दुपारभर ती बेतायच्या टेबलाखाली बसून बटणं निवडते, टाचण्यांची डबी लोहचुंबकाने भरते आणि टेबलाखालून मला प्रश्न विचारते. आता ती संध्याकाळीही इथेच असेल, सकाळीही असेल. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. तिची आई पलंगावर आडवी पडली होती, बाप काळजीत होता, आणि मी मात्र दुकानावरच्या माझ्या दोन खोल्यांत मनातल्या मनात सामान हलवायला लागलो होतो. खिडकीखाली तिची गादी, लोखंडी कपाटातला खालचा खण तिचा, बायकोच्या आरशाला एक खिळा ठोकून तो तिच्या उंचीला. चार वर्षं मी एकटा राहतोय. रेडिओवरचा बातम्यांचा माणूस ‘नमस्कार’ म्हणतो तेव्हा मी त्याला नमस्कार म्हणतो, इतकी पाळी आली आहे. आनंद झाला आणि मनात हलवत असलेलं सामान हातातच राहिलं, कारण हा आनंद मी पूर्वी एकदा पाहिला होता. तो माझा नव्हता, मामाच्या चेहऱ्यावर होता, आणि मी तेव्हा सात वर्षांचा होतो.

आमच्या घरी जुळं झालं तेव्हाची गोष्ट. चार भावंडांची एका दिवसात सहा झाली. मला कुणी काही समजावून सांगितलं नाही, तेव्हा तशी पद्धतच नव्हती. मुलांना खरूज होते, दात पडतात, भावंडं होतात, त्यात सांगायचं काय? सकाळी उठलो तर घरात दोन नवे आवाज होते आणि मोरीत कपड्यांचा ढीग होता. मला वाटलं, कुणाचीतरी बाळं चुकून आमच्याकडे आली आहेत आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी येऊन घेऊन जाईल. संध्याकाळी आला तो मामा, आणि घेऊन गेला तो मला. “थोडे दिवस मामाकडे राहा,” वडील म्हणाले. मी बरं म्हणालो. पिशवीत दोन शर्ट, एक चड्डी आणि पाटी होती. आई आतल्या खोलीत होती आणि आत जायचं नाही असं सांगितलेलं होतं, म्हणून मी गेलो नाही. मामा शिंपी होता, त्याला मूल नव्हतं, आणि वाटेत त्याने मला दोनदा उचलून घेतलं, मला चालता येत असताना. मी तिथे अकरा वर्षं राहिलो.

वाढत्या मुलाच्या कपड्यात शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, मूल वाढलं की उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून. आमच्या धंद्यात त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. मामाच्या दुकानात दिवसभर हा शब्द कानावर पडायचा. बाईंच्या झग्याला अर्धा इंच माया सोड, पोराची चड्डी आहे तर दोन बोटं माया ठेव, हिने मायाच ठेवली नाही आता उसवू काय. गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी पडद्यामागे बसलो होतो आणि मामी आतून मामाला म्हणाली, “याला फार माया लावू नका हो. परत जायचंय त्याला.” त्यानंतर आठवड्याभरात मामाने मला दोन शर्ट शिवले, आणि ते अगदी अंगाबरोबर होते. आता मला वाटतं, कापड उरलंसुरलं असेल, तेवढंच पुरलं असेल. पण सात वर्षांच्या मला सगळं लख्ख समजलं. परत जायचं आहे म्हणजे इथे वाढायचं नाही. वाढायचं नाही तर माया कशाला? मला मुळीच वाईट वाटलं नाही, उलट हा हिशोब मला पटला, मोठ्या माणसांनी न सांगता मला कळलेली ती पहिली गोष्ट होती. रोज आंघोळीनंतर मी शर्टाच्या आतली शिवण उलटून बघायचो. जोपर्यंत माया नाही तोपर्यंत मी घरी जाणार. वाढू नये म्हणून मी पाय पोटाशी घेऊन झोपायचो, हेही सांगून टाकतो, आता लाजायचं काय त्यात.

पण मूल वाढतंच. शर्ट आखूड झाले, मामाने दुसरे शिवले, तेही मी उलटून बघितले. माझ्या बघण्यात दोष असेल किंवा मामा गरीब होता हे खरं असेल, माया मला काही सापडली नाही. बाराव्या वर्षी मामाने माझ्यापुढे निळं कापड टाकलं आणि म्हणाला, “आता तुझा तूच बेत.” मी माप घेतलं, खडूने आखलं आणि रेघेवर कापलं. मामाने तुकडे उचलून बघितले. “अरे, माया कुठाय?” “माझ्या कपड्याला ठेवायची नसते ना,” मी म्हणालो. “कोण म्हणालं?” “मामी. मी आलो तेव्हाच. परत जायचंय म्हणून.” मामाला आधी काही कळेना. मग कळलं. त्याने चष्मा काढला आणि आत हाक मारली, “अगं, इकडे ये. हा काय म्हणतोय ते ऐक.” मामी पदराला हात पुसत आली आणि मी पुन्हा सांगितलं, मला वाटलं माझं बेतणं चुकलं म्हणून तिला साक्षीला बोलावलंय. ती तशीच आत निघून गेली. रात्री जेवताना तिने मला वाढलं, मग पुन्हा वाढलं, मी हात आडवा धरला तरी वाढलं. मामा म्हणाला, “पुरे आता, पोट फुटेल त्याचं.” ती नुसती वाढत राहिली आणि मी खात राहिलो. तिला सांगायचं होतं ते कळायला मला आणखी काही वर्षं लागली, पण पोट भरलं ते त्याच दिवशी.

साडेबाराला मी दुकानाला कुलूप लावलं आणि भिंगरीला शाळेतून आणलं. येताना ती फुटपाथच्या फरशांवरून एकेक सोडून उड्या मारत होती आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. अचानक वाढलेली गोष्ट लहान मुलाला कशी सांगायची? माझ्याकडे दर वर्षी सुट्टी संपली की आया युनिफॉर्म घेऊन येतात आणि माझ्याशी भांडतात. दोन महिन्यांपूर्वीच शिवला होता, बघा, घोट्याच्या वर गेलाय. वाढ त्यांच्या पोरांची आणि आरोपी मी. पोरांना विचारलं तर ती सांगतात, पँट आटली. आपण वाढलो हे कुणाला आतून कळत नाही, कपडा आखूड झालेला तेवढा कळतो. मोठ्यांचंही तसंच आहे. जावयाचं घर काल पुरत होतं, आज सकाळी अकरा वाजता ते आखूड झालं, आणि बिचारा दारंखिडक्या चाचपून बघत असेल.

दुकानात आल्यावर ती पाणी प्यायली आणि टेबलाखाली गेली. मी बटणांचा डबा घेऊन तिच्याजवळ खाली बसलो. माझे गुडघे आता अशा बसण्याला तयार नसतात, म्हणून ती संशयाने बघायला लागली. मी एक पांढरं बटण फरशीवर ठेवलं. “हे बघ, आईच्या पोटात एक बाळ आहे असं आपल्याला वाटत होतं.” मग आणखी दोन ठेवली. “डॉक्टरांनी आज नीट बघितलं. तर तीन आहेत.” तिने बटणांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मुळीच दचकली नाही. “मग वाढलं ना,” ती म्हणाली. “काय?” “बाळ. तुम्ही सगळे म्हणत होता, बाळ वाढतंय, बाळ वाढतंय. वाढलं.” मला हसू आलं आणि पुढचं वाक्य विसरलो. “अगं, वाढतंय म्हणजे मोठं होतंय. तू कशी वाढतेस, तशी.” “मी वाढते, पण मी एकच राहते.” “हो.” “मग बाळ का नाही राहिलं?” “ती आधीपासूनच तीन होती. आपल्याला एक दिसत होतं.” तिने डब्यातून मूठभर बटणं काढली आणि पांढऱ्या बटणांशेजारी ओतली, ती गडगडत टेबलाबाहेर गेली. “आणि अजून असली तर? मागे दोन लपलेली?” “नाहीत. तीनच.” “कशावरून? मागच्या वेळी पण एकच म्हणाले होते.”

एकदा एकाचे तीन झाले की तिनावर थांबेल असं कोण छातीठोक सांगणार? तिच्यासारखं मीही डोळ्यांपुढे आणलं, रोज सकाळी एक फोन, रोज एक नवा आकडा, आणि घर तेवढंच. मी म्हणालो, “मशीन मोठं होतं. त्यात सगळं दिसतं.” “दुकानाएवढं?” “दुकानाएवढं.” हे मी ठोकून दिलं, पण तिला बरं वाटलेलं दिसलं. मग ती कामाला लागली. तिच्या खोलीत म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक आतल्या खोलीत एक फडताळ आहे, त्याचा अर्धा कप्पा तिने बाळासाठी गेल्या महिन्यात रिकामा केला होता. मोडके खडू, अस्वल, गोष्टींची पुस्तकं, सगळं रेटून एका बाजूला. किती विचार करून केलं होतं ते मला माहीत आहे, अस्वल तीनदा बाहेर आलं आणि तीनदा आत गेलं. आता तिने चार बटणं ओळीने मांडली आणि खडूने त्यांच्याभोवती चौकट काढली. चौथं बटण रेघेवर येत होतं. तिने पुन्हा मांडली. पुन्हा आलं. “आजोबा, तीन बाळं कप्प्यात बसतील,” ती म्हणाली. “मग मी कुठे?”

तेव्हा मी म्हणालो, “तू माझ्याकडे. इथे वरती. थोडे दिवस.”

हे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडताना मला दिसत होते आणि थांबवता येत नव्हते, सकाळी कात्री दिसत होती तशीच. तिने मान वर केली. रडली असती तर बरं झालं असतं, रडणाऱ्या मुलाचं काय करायचं ते मला येतं. ती “बरं” म्हणाली. इतकंच. मग तिने चौथं बटण उचललं, चौकटीबाहेर ठेवलं आणि टाचण्यांची डबी ओढून घेतली. सहा वर्षांच्या पोराने ‘बरं’ म्हणावं असं काही नाही. नको म्हणावं, का म्हणावं, पाय आपटावेत. ‘बरं’ म्हणजे आपल्याला जागा नाही हे त्याला मान्य झालेलं असतं, आणि मोठ्या माणसांना वाटतं, किती शहाणं मूल आहे. मलाही सगळे शहाणा म्हणायचे.

दोनच्या सुमारास जावयाचा पुन्हा फोन आला. मी उठून दाराशी गेलो, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. “सांगितलंत?” “सांगितलं.” “काय म्हणाली?” “बरं म्हणाली.” त्याने सोडलेला श्वास मला ऐकू आला. “सुटलो बाबा. दोन-तीन महिने, फार तर. नंतर काहीतरी करू.” आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, “दोन-तीन महिने कशाला? मध्येच नेलंत तर शाळेचं वर्ष बिघडेल तिचं. इथून शाळा जवळ आहे. राहू दे वर्षभर, पुढचं पुढे बघू.” “तुम्हाला त्रास नाही ना होणार?” “त्रास कसला,” मी म्हणालो, आणि त्या क्षणी मला मामाचा आवाज ऐकू आला, अगदी माझ्याच गळ्यातून. दोन वर्षांनी आई मला न्यायला आली होती. दोन्ही जुळी बरोबर होती, एक कडेवर आणि एक बोटाला. दुकानाच्या पायरीवर उभी राहून ती म्हणाली, “येतोस?” मी मामाकडे बघितलं. मामा मशीनवरून न उठता म्हणाला, “शाळेचं वर्ष बिघडेल गं त्याचं. राहू दे, पुढचं पुढे बघू.” आई चहा न घेता गेली. मी पन्नासहून अधिक वर्षं हा राग तिच्यावर धरून बसलो आहे, की तिने एकदाच विचारलं. मामाला मी कधी दोष दिला नाही. तो चांगला माणूस होता, त्याने मला धंदा दिला, जेवू घातलं, आणि मुलाचा हात सोडवत नाही म्हणून शाळेचं नाव पुढे केलं. मीही चांगलाच माणूस आहे. चांगल्या माणसांच्या हातून हे किती सहज होतं ते मला दुकानाच्या दारात उभं राहून, फोन बंद झाल्यावर कळलं.

टेबलाखाली भिंगरी एक टाचणी दुसरीला चिकटवून साखळी करत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हणालो, “ऊठ. आपण घरी जाऊ.” “वरती?” “नाही. तुझ्या घरी.” “माझं सामान आणायला?” मी म्हणालो, “आधी चल तर.” ग्रंथपालबाई चारला ट्रायलला येणार होत्या, मी शटर ओढलं आणि त्यावर खडूने ‘उद्या या’ लिहिलं. भर दुपारी शटर ओढलेलं पाहून समोरचा चावीवाला बाहेर आला, “काय झालं, सगळं ठीक?” मी म्हणालो, “नातवंडं वाढली.” तो अभिनंदन म्हणाला. रस्त्यात ती सावलीसावलीने चालत होती आणि या वेळी उड्या मारत नव्हती. दप्तर मी मागितलं तर तिने दिलं नाही. मला तिला काहीतरी सांगायचं होतं, पण आज दिवसभर मी तिला जे सांगितलं होतं ते पाहता गप्प बसलेलं बरं होतं.

जावयाने दार उघडलं. कामाचे कपडे अंगावर तसेच होते, बाहीला ग्रीस होतं, आणि त्याच्या मागे मोठी निळी बॅग भरून ठेवलेली होती, चेन लागत नव्हती म्हणून दोरी बांधलेली. वरूनच लोकरीची टोपी दिसत होती. थंडीला अजून पाच महिने होते. मी टोपीकडे बघतोय हे त्याला दिसलं आणि तो ओशाळला. “म्हटलं, पुन्हा पुन्हा नको,” तो म्हणाला. टेबलावर एका कागदाच्या पाठीमागे त्याने पेन्सिलीने घर काढलं होतं, पलंग, पाळणे, फडताळ, खोडून पुन्हा काढलेलं, कागद मळून फाटायला आला होता. “सकाळपासून बसलोय बाबा. कसंही फिरवलं तरी बसत नाही. आठ माणसांच्या लिफ्टमध्ये मी कुणाला नववा चढू देत नाही, आणि इथे…” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पुसायला हात स्वच्छ नव्हते. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणालो, “कापड कमी असलं की आम्ही बेत बदलतो. पोर कापत नाही. मी येतो इथे राहायला. दुकान सकाळचं उघडेन, दुपारी इथे मशीन लावेन. तिला सोडणं-आणणं, लेकीचं बघणं, मी करतो.” “तुम्ही? अहो, आहे त्यांनाच जागा नाही, त्यात तुम्ही एक वाढणार?” “मी स्वयंपाकघरात झोपेन. मला झोप कुठेही लागते. आणि मघाशी फोनवर मी वर्षाचं बोललो, ते विसरा. माझ्या सोयीचं बोललो होतो.”

आतून लेकीची हाक आली. “बाबा, तिला न्यायला आलात का?” आवाज उशीत तोंड घातल्यासारखा होता. मी तसाच चपलांसकट आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी गेलो. ती कुशीवर पडली होती, पायांखाली दोन उशा, तोंड भिंतीकडे, डॉक्टरांनी हलू नको म्हटलंय म्हणून मान तेवढी वळवली. डोळे सुजले होते. “तुम्ही दोघांनी ठरवलंत ना?” ती म्हणाली. “मी हो म्हटलं नाहीये, बाबा. मला कुणी विचारलंच नाही. आडवी पडले म्हणजे मला तोंड नाही का? तीन पोटात आहेत ती आहेत, पण ही माझी नाही का कुणी?” मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. आमच्या त्या घरात आतल्या खोलीत माझी आई पडली होती, दोन बाळांमध्ये, आणि बाहेर वडील आणि मामा माझी पिशवी भरत होते. मला आत जायचं नाही असं सांगितलेलं होतं. तिला काय सांगितलं होतं? तिला कुणी विचारलं होतं का? चोपन्न वर्षांत हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता. तिला जाऊनही वीस वर्षं झाली. मी लेकीला म्हणालो, “नाही गं. न्यायला नाही आलो. पोचवायला आलोय.” आणि मला रडू आलं, चारचौघांत येऊ नये तसं, जावयासमोर.

भिंगरी अजून बाहेरच्या दाराशीच होती. पायपुसण्यावर उभी, पाठीला दप्तर, बॅगेच्या अगदी जवळ पण तिला न लागता. आमचं बोलणं तिने सगळं ऐकलं होतं, पण मोठ्या माणसांच्या बोलण्यावर आज तिचा भरवसा उरला नव्हता आणि त्यात तिची काही चूक नव्हती. जावई तिला काही म्हणायला गेला, मी त्याला हाताने थांबवलं. ती तिथूनच, माझ्या मागच्या उघड्या दारातून आईकडे बघत होती. मग तिने विचारलं, “आई, मी बूट काढू का?”

“काढ,” लेक म्हणाली.

तरी ती वाकली नाही. “डावा पण?”

“दोन्ही काढ. आणि इकडे ये.”

ती खाली बसली, नाडी सोडायला तिला नेहमीसारखाच वेळ लागला, आणि कुणीही तिला मदत केली नाही. दोन्ही बूट तिने भिंतीशी नीट लावले आणि आत गेली. मग मी माझ्या चपला काढल्या.